कडा तोच, अंग वेगळं : प्रस्तरारोहणाचं तंत्र आपल्या शरीराला कसं बेतायचं

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमधल्या प्रस्तरारोहणाच्या अंतिम फेरीचा एक व्हिडिओ आमच्या गावातल्या पोरांच्या मोबाइलवर फिरत होता. जपानची आइ मोरी चढाईच्या भिंतीखाली उभी आहे. सुरुवातीची पकड तिच्या डोक्याच्या बरीच वर. ती उडी मारते, हात बसत नाही. पुन्हा उडी, पुन्हा तेच. वेळ संपतो आणि त्या भिंतीवर तिला शून्य गुण मिळतात. मोरीची उंची १५४ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट एक इंचाच्या आसपास. आमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या कितीतरी मुलींची तेवढीच आहे.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याच्या पट्ट्यात एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. रविवारी गावामागच्या टेकडीवरच्या काळ्या दगडांवर मुलांना चढाईचे पहिले धडे देते. तो व्हिडिओ पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, “मॅडम, तिचा हातच नाही पुरून राह्यला, तं मग थे शिकली काहून?” तिची स्वतःची उंची वर्गात सगळ्यांत कमी. प्रश्न मोरीचा नव्हता, हे मला लगेच कळलं.

त्याच अंतिम फेरीचा दुसरा भाग मोबाइलवर फारसा फिरला नाही. दोराला बांधून उंच भिंत चढायच्या प्रकारात, ज्याला लीड म्हणतात, मोरीनं सगळ्या स्पर्धकांत जास्त गुण मिळवले. एकूण ती चौथी आली. म्हणजे एकाच दिवशी, एकाच शरीरानं, एका भिंतीवर शून्य आणि दुसऱ्या भिंतीवर पहिला नंबर. हे कसं होतं ते समजून घेतलं की चढाईतलं निम्मं कोडं सुटतं.

आधी पाया : चढताना वजन जातं कुठे?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कडा चढणं म्हणजे हातांनी स्वतःला वर ओढणं. तसं चढणारा दहा मिनिटांत दमतो. आपल्या मांड्या दिवसभर आपलं वजन उचलून चालतात, हातांना ती सवय नाही. म्हणून चांगली चढाई पायांनी होते. हातांचं मुख्य काम शरीर कड्याला धरून ठेवायचं.

इथं एक शब्द लागेल : गुरुत्वमध्य. शरीराचं सगळं वजन एका ठिकाणी गोळा झालं असं मानलं तर ते ठिकाण. उभ्या माणसात ते साधारण बेंबीच्या जरा खाली, कमरेच्या आत असतं. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन धुऱ्यावरून चालणारी बाई हा शब्द न ऐकताही त्याचं गणित रोज सोडवते. भारा पावलांच्या वर राहिला तर मान ताठ राहते, एक वीतभर बाहेर गेला तर सगळं अंग तो सावरण्यात जातं.

कड्यावर हेच घडतं. समजा ५० किलो वजनाची मुलगी सरळ उभ्या कड्यावर आहे आणि तिचे हात पायांपासून १५० सेंटिमीटर वर आहेत. तिची कंबर पायांच्या टेकूपासून ३० सेंटिमीटर बाहेर असेल, तर मागे पडू नये म्हणून हातांना साधारण १० किलोचा ताण धरावा लागतो. कंबर आत घेऊन ते अंतर १५ सेंटिमीटरवर आणलं, तर ताण ५ किलो. ताकद तीच, दगड तोच, फक्त कंबर वीतभर आत आली आणि हातांचं काम निम्म्यावर आलं.

दुसरी गोष्ट हात सरळ ठेवायची. भरलेली बादली सरळ हातानं विहिरीपासून घरापर्यंत नेता येते. तीच कोपर वाकवून धरली तर आंगणही येत नाही. सरळ हातात वजन हाडांवर आणि सांध्यांच्या बंधांवर टांगलेलं असतं, वाकलेल्या हातात स्नायू जळत राहतात. म्हणून विसावा घ्यायचा तो सरळ हातावर, आणि वर जायचं ते टोंगळे, म्हणजे गुडघे, वाकवून, मग पाय सरळ करून.

एवढं सगळ्यांना सारखंच लागू. फरक यापुढे सुरू होतो.

एकाचा बीटा दुसऱ्याला का बसत नाही

चढाई करणाऱ्यांच्या भाषेत बीटा म्हणजे एखादा कडा कसा चढायचा याची सांगितलेली रीत : उजवा हात इथे, डावा पाय तिथे, मग झेप. यूट्यूबवर असे हजारो बीटा सापडतात. प्रशिक्षकही खालून ओरडून तेच सांगतात.

डवऱ्याचं, म्हणजे पिकातलं तण काढायच्या अवजाराचं, रुमणं (हातात धरायचा उभा दांडा) माणसाच्या उंचीप्रमाणे लागतं, हे शेतात कुणाला शिकवावं लागत नाही. उंच माणसाच्या हिशेबानं बसवलेलं रुमणं बुटक्याच्या हाती दिलं तर हात वर टांगले जातात, दाब नीट पडत नाही आणि तास वाकडा जातो. त्यानं डवरणीचं तंत्र चुकवलेलं नसतं. अवजार त्याच्या मापाचं नसतं. बीटा हे असंच दुसऱ्याच्या मापाचं अवजार आहे.

मी ही गोष्ट महागात शिकले. माझी उंची १५२ सेंटिमीटर. ज्यांच्याकडे मी पहिल्यांदा शिकले ते जवळजवळ सहा फूट उंच होते. मनानं फार चांगले, पण प्रत्येक दगडावर ते स्वतः चढून दाखवायचे आणि “असंच कर” म्हणायचे. ते उभ्याउभ्या हात लांबवून जिथे पोहोचत, तिथे पोहोचायला मला पूर्ण ताणून, खांदा कानाला लावून, चवड्यांवर उभं राहावं लागे. त्या ताणलेल्या अवस्थेतूनच मी पुढची ओढ घ्यायचे. दोन वर्षांत उजवा खांदा असा दुखावला की वेणी घालता येईना. तेव्हा मला वाटलं, मी कमजोर आहे. आज कळतं की ओढ घेण्याआधी एक पाय हातभर वर ठेवला असता तर तो ताण खांद्यावर आलाच नसता.

स्वतःचं माप घ्या : भिंत, गेरू आणि सुतळी

कपडा बेतण्याआधी शिंपी माप घेतो. इथेही तेच करायचं आहे, आणि त्याला जिम लागत नाही.

भिंतीला पाठ लावून उंचीची खूण करा. मग दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळीनं माप घ्या. बहुतेकांचं हे माप उंचीच्या जवळपास येतं. सुतळी उंचीपेक्षा लांब निघाली तर तुमचे हात लांब आहेत, याला चढाईवाले एप इंडेक्स जास्त असणं म्हणतात. कमी निघाली तर हात आखूड. आमच्या वर्गात दोन मुलांची उंची अगदी सारखी आणि हातांच्या पसाऱ्यात सात सेंटिमीटरचा फरक निघाला. दोघांना एकच बीटा सांगणं किती चुकीचं होतं ते त्या दिवशी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

मग उकिडवं बसा. टाचा जमिनीला टेकतात का? मांडी घालून बसल्यावर गुडघे किती खाली जातात? कमरेच्या खोबणीत मांडीचं हाड कसं बसलं आहे, ते प्रत्येकात थोडं वेगळं असतं, आणि ते व्यायामानं पूर्ण बदलत नाही. एकाला पाय बाहेर उघडून बेडकासारखं कड्याला चिकटणं सहज जमतं, दुसऱ्याला तसं करताना कंबर आतून अडते. अडली तर रेटू नका. तुमच्यासाठी बाजूनं वळायची रीत आहे, ती पुढे सांगते.

शेवटी एक प्रयोग, तो आत्ताच करून पाहा. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, उजवा हात जमेल तितका वर न्या, खूण करा. आता उजवी कूस भिंतीला लावून उभे राहा आणि तोच हात वर न्या. खूण वर गेली असेल. तोंड समोर असताना खांदा तितका वर जात नाही, कूस भिंतीला लागली की खांदा आणि बरगड्यांची बाजू दोन्ही हाताच्या मदतीला येतात. हाड एक सूतही वाढलं नाही, तरी हात वाढला.

उंची कमी असेल तर

मघाच्या गणितात एक गोष्ट लपलेली आहे. त्याच ५० किलोच्या मुलीचे हात पायांपासून १५० ऐवजी १२० सेंटिमीटरवर असतील, तर कंबर तेवढीच बाहेर असताना हातांवरचा ताण १० वरून साडेबारा किलोवर जातो. म्हणजे बुटक्या माणसानं कंबर बाहेर ठेवली तर त्याला उंच माणसापेक्षा जास्त दंड बसतो. म्हणून कंबर कड्याला लावणं ही बुटक्यांची पहिली गरज. त्यासाठी कूस वळवणं हाच सगळ्यांत मोठा उपाय : उजव्या हातानं वरची पकड घ्यायची असेल तर उजवी कूस दगडाला लावायची, उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर उभं राहायचं आणि डावा पाय समतोलासाठी मोकळा ठेवायचा.

दुसरं, पाय उंच ठेवणं. आणि इथे मला खेड्यातल्या मुलांचा खरोखर अभिमान वाटतो. खुर्ची-कमोडवर वाढलेल्या मोठ्या माणसाला पाय कमरेच्या उंचीला ठेवून त्यावर बसणं अवघड जातं, घोटा वाकत नाही, कंबर साथ देत नाही. आमच्याकडे माणसं उकिडवं बसून निंदण करतात, चुलीपुढे बसतात, पंगतीत मांडी घालून जेवतात. ही लवचीकता त्यांच्याकडे आयतीच असते. कमरेएवढ्या टेकूवर पाय ठेवला, अंग त्या पायावर झुकवून जणू उकिडवं बसलं आणि मग उठून उभं राहिलं, की एका हालचालीत हात दीड-दोन फूट वर पोहोचतो. उंच माणूस एका लांब हातानं जे करतो, ते हे दोन छोट्या पायऱ्यांत होतं.

तिसरं, मधल्या पकडी. उंच माणूस ज्या बारीक खाचेकडे पाहतही नाही, ती बुटक्यासाठी पायरी असते. क्षणभर बोट टेकवायचं, पाय वर घ्यायचा, पुढे जायचं. यात हालचाली जास्त होतात, म्हणून जोर खर्चू नये आणि रेंगाळूही नये.

आणि कधी कधी झेप घ्यावी लागते, हे मान्य करायला हवं. झेप म्हणजे हातांची ओढ नव्हे. टोंगळे वाकवून पायांनी ढकलायचं आणि शरीर वर जाऊन थांबतं, खाली यायच्या आधी अर्धा क्षण हलकं होतं, नेमक्या त्या क्षणी पकड घ्यायची. झोक्यावर बसलेल्या पोराला हा क्षण माहीत असतो.

“उंच माणसांचं बरं आहे, त्यांना काय त्रास?”

हा आक्षेप प्रत्येक रविवारी ऐकू येतो. त्याचं उत्तर शेळीकडे आहे. शेळी बाभळीच्या वाकड्या फांदीवर चढते, म्हैस चढत नाही. शरीर सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढलं तर वजन फार वेगानं वाढतं आणि ताकद मागे राहते. कारण वजन हे लांबी, रुंदी, जाडी या तिन्हींवर ठरतं, तर स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळावर. उंची १० टक्क्यांनी वाढली तर याच हिशेबानं वजन ३३ टक्क्यांनी वाढेल आणि ताकद २१ टक्क्यांनीच. खरी माणसं इतकी प्रमाणबद्ध वाढत नाहीत, तरी दिशा हीच.

शिवाय लांब हात म्हणजे लांब तरफ. हातात पाच किलोची पिशवी अंगाजवळ धरणं सोपं, हात लांबवून धरणं अवघड. ओव्हरहँगवर, म्हणजे आपल्या डोक्यावर झुकलेल्या दगडावर, लांब माणसाचे पाय टेकूवरून सुटतात तेव्हा अख्खं शरीर लोलकासारखं बाहेर फेकलं जातं. पकडी जवळजवळ असतील तर त्याचे टोंगळे छातीला लागतात आणि कंबर बाहेर ढकलली जाते. उंच मुलांना म्हणून मी वेगळं शिकवते : पाय खालच्या टेकूंवर ठेवा, एक टोंगळा आत वळवून खाली पाडा म्हणजे कंबर दगडाला लागेल, आणि पोट-पाठीचा व्यायाम चुकवू नका. टोंगळा आत पाडताना पिळ बसला, आतल्या बाजूला दुखलं, तर तिथेच थांबा. तो सांधा त्या दिशेला वळायला बनलेला नाही, वळायला हवं ते कमरेतून.

चेक प्रजासत्ताकाचा अॅडम ओंड्रा सहा फुटांहून उंच आहे. २०१७ साली त्यानं नॉर्वेतल्या फ्लाटांगरच्या गुहेत ‘सायलेन्स’ हा मार्ग चढला, ९सी या तेव्हाच्या सर्वांत कठीण दर्जाचा जगातला तो पहिला. त्यातल्या सर्वांत कठीण भागात तो पाय आधी वर नेऊन, जवळजवळ उलटा होऊन चढतो. ती रीत त्यानं स्वतःच्या लांब अंगासाठी शोधून काढली.

बोटं : इथे घाई नको

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळ्यांत जास्त इजा इथे होतात.

बोटांना वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखाली, हाताच्या पोटरीत असतात. तिथून कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, बोटांच्या टोकांपर्यंत येतात. सायकलच्या ब्रेकची वायर आठवा. दांडीवर ती ठिकठिकाणी छोट्या पट्ट्यांनी आवळलेली असते, नाही तर ओढल्यावर धनुष्याच्या दोरीसारखी बाहेर ताणली जाईल. बोटांतही हाडाला चिकटलेल्या अशाच पट्ट्या असतात. बारीक कडेवर बोटं पूर्ण मुडपून, अंगठा वरून दाबून धरलं, तर या पट्ट्यांवर फार मोठा ताण येतो. एखादी पट्टी तुटली तर कधी कधी ‘कट्’ असा आवाज ऐकू येतो, आणि मग काही महिने चढाई बंद. स्नायू लवकर बळकट होतात, कंडरा आणि पट्ट्यांना त्याहून फार जास्त वेळ लागतो. म्हणून तीन-चार महिन्यांत “आता ताकद आली” असं वाटतं, तोच खरा धोक्याचा काळ.

पकड कोणती घ्यायची हे बोटांच्या लांबीवर ठरतं. आपली चार बोटं एका रेषेत संपत नाहीत. ज्याची करंगळी बरीच आखूड आहे त्यानं चारही बोटं सरळ-मोकळी ठेवून धरायचा प्रयत्न केला तर करंगळी हवेतच राहते. त्यानं तीन बोटांनी मोकळी पकड घ्यावी किंवा मधले सांधे काटकोनात वाकवून अर्धी पकड घ्यावी. ज्याची बोटं जवळजवळ सारखी आहेत त्याला मोकळी पकड चारही बोटांनी मिळते. हातावर मजुरीचे घट्टे असलेल्या मुलाची कातडी बारीक धारदार पकडीवर छान टिकते, पण घट्ट्याची कड उचलली गेली तर ती दगडाला अडकून फाटते. ती कड घासून सपाट ठेवावी.

वाढत्या वयातल्या मुलांबद्दल एक कडक सूचना. त्यांच्या बोटांच्या हाडांत वाढीची कोवळी जागा असते आणि ती पट्ट्यांपेक्षाही आधी दुखावते. पूर्ण मुडपलेल्या पकडीचा सराव, नुसत्या बोटांनी लाकडी पट्टीवर लटकणं, उड्या मारत एका पट्टीवरून दुसरीवर जाणं, हे वाढ पूर्ण होईपर्यंत नको. मधल्या बोटाचा सांधा दुखतोय असं मुलानं सांगितलं तर त्याला “सहन कर” म्हणू नका. डॉक्टरकडे न्या.

लहान बोटांचा फायदा कुठे होतो? भेगांमध्ये. दगडाच्या उभ्या फटीत बोटं किंवा अख्खा पंजा घालून तो आतून अडकवायचा, ही एक वेगळीच पकड आहे. बारीक फटीत जाड बोटं शिरतच नाहीत. अमेरिकेतल्या एल कॅपिटान या प्रचंड कातळावर ‘द नोझ’ नावाचा मार्ग आहे. दोर फक्त पडलो तर वाचवण्यासाठी, चढायचं मात्र हातापायांनीच, अशा पद्धतीनं तो पहिल्यांदा चढला गेला १९९३ साली, आणि चढणारी होती लिन हिल, उंची पाच फूट दोन इंच. एका बारीक भेगेत तिची लहान बोटं तिच्या मदतीला आली. पण वरच्या एका कोपऱ्यात धरायला जवळपास काहीच नव्हतं. तिथं तिनं अंग उलटसुलट वळवून, कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना दाब देत जाण्याची स्वतःची अशी रीत काढली की ती पाहून कुणाची नक्कल केली असं म्हणताच येणार नाही. पुढच्याच वर्षी तिनं तो अख्खा मार्ग एका दिवसात चढला.

“मग शिकायचंच कशाला? ज्याला जसं जमेल तसं चढावं!”

नाही. कंबर आत, वजन पायांवर, हात सरळ, पाय ठेवण्याआधी टेकूकडे नीट पाहणं, हे सगळ्यांनी शिकायचं. दगडावर पाय घासत वर नेणं किंवा सतत वाकलेल्या हातांवर लटकणं ही कुणाची शैली नसते, ती चूकच असते. शरीराप्रमाणे बदलते ती या तत्त्वांची अंमलबजावणी.

आमच्या अमरावतीत हे नवं नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून तिथं आहे, १९३६ मध्ये त्यांच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. मल्लखांबाचा चांगला उस्ताद एकाच उडीसाठी काटक्या पोराला एक आणि थोराड पोराला दुसरं सांगतो. चढाईत आपण तेच विसरतो, कारण इथं बहुतेकांचा उस्ताद मोबाइल असतो.

एकच दगड मुद्दाम तीन रीतींनी चढा. एकदा समोर तोंड करून, एकदा कूस लावून, एकदा पाय नेहमीपेक्षा वर ठेवून. जी रीत चढल्यावर दम कमी लागतो ती तुमची. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४४ चढाईपटूंची मोजमापं घेतली होती. चढाईच्या क्षमतेतल्या फरकापैकी जवळपास ५९ टक्के फरक सरावानं बदलता येणाऱ्या गोष्टींतून आला, उंची आणि हातांच्या लांबीसारख्या मापांतून एक टक्काही नाही. माप चढाईची रीत ठरवतं. कुठवर जाल ते बव्हंशी सरावावर आहे.

“वजन कमी केलं की सगळं सुटेल ना?”

या प्रश्नावर मला राग येतो, प्रश्न विचारणाऱ्यावर नाही, हा विचार मुलींच्या डोक्यात घालणाऱ्यांवर. वजन कमी असलं तर हातांवरचा ताण कमी होतो, हे खरं. पण उपाशी राहून कमी केलेल्या वजनाबरोबर स्नायू जातात, हाडं ठिसूळ होतात, मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते, जखमा भरत नाहीत. खेळाडू खातो कमी आणि खर्चतो जास्त, अशा अवस्थेतून होणाऱ्या या आजारपणाची आंतरराष्ट्रीय चढाई महासंघानंही दखल घेतली आणि २०२४ पासून खेळाडूंच्या आरोग्य तपासणीचे नियम आणले. आपल्याकडे कित्येक मुली आधीच रक्त कमी असलेल्या अवस्थेत शाळेत येतात. त्यांना मी चढाईच्या दिवशी भाकर, चुनाचं (बेसनाचं) पिठलं नाहीतर फुटाणे-गूळ खाऊनच यायला सांगते.

अंगानं भारी माणसानं काय करावं? थोड्या तिरप्या, पायांवर उभं राहता येणाऱ्या कातळावर सुरुवात करावी. टाच खाली सोडून बुटाचं रबर दगडावर जास्तीत जास्त टेकवलं की वजन उलट घर्षणाच्या कामी येतं. फक्त दोर धरणाऱ्या जोडीदाराचं भान ठेवा. खालून दोर सांभाळणारा, त्याला बिलेयर म्हणतात, चढणाऱ्यापेक्षा फार हलका असेल तर पडण्याच्या झटक्यानं तोच वर उचलला जातो. अशा वेळी त्याला जमिनीवर भक्कम आधाराला बांधावं.

“इथं विदर्भात हे करायचं कुठे?”

कृत्रिम भिंती शहरांत. पण दगड आपल्याकडे आहे, आणि तोही दोन तऱ्हांचा. पश्चिम विदर्भात, बुलढाण्यापासून अमरावती-यवतमाळपर्यंत, लाव्हाचा काळा कातळ. त्यात आडवे टप्पे आणि उभ्या भेगा असतात, म्हणून पाय वर ठेवणाऱ्यांना आणि भेगेत हात अडकवणाऱ्यांना तो मानवतो. मात्र त्याचे तुकडे निखळतात. प्रत्येक पकड आधी हातानं थोपटायची, पोकळ आवाज आला तर सोडायची. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत फार जुने, वेगळ्या जातीचे खडक लागतात आणि तिथली रीत वेगळी शिकावी लागते.

मेळघाटात वाघांचा राखीव प्रकल्प आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथल्या कड्यांना हात लावू नये. गाविलगड, नरनाळ्याच्या तटांवर चढाईचा सराव करू नये, तो आपला वारसा आहे. आणि कपारीला आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी तो कडा सोडून द्यायचा, यात कसलीही तडजोड नाही. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा काळा दगड तव्यासारखा तापतो, घामानं पकड सुटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी सगळ्यांत चांगल्या.

सुरुवात जमिनीपासून हातभर उंचीवर, आडवं सरकत करा. दगडावर वर जाण्याऐवजी डावीकडून उजवीकडे. कूस वळवणं, पाय उंच ठेवणं, सगळं तिथे शिकता येतं आणि पाय सुटला तर माणूस जमिनीवरच उभा राहतो. जुन्या विहिरीच्या बांधकामावर मात्र कधीही नाही. दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), हेल्मेट आणि प्रशिक्षित माणूस यांशिवाय उंची गाठू नका.

२०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधले पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. हिमालयाची चढाई आणि कातळाची चढाई वेगळी, पण आमच्या पोरांना ते पाचजण माहीत आहेत आणि त्याचा उपयोग होतो.

ज्यांचं अंग आणखी वेगळं आहे

आमच्या गटात एक मुलगा आहे, लहानपणी चारा कापायच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्याला मी पहिल्या दिवशी काय शिकवावं ते मला कळेना. त्यानंच दाखवलं : डावा पंजा तो वरून धरत नाही, दगडाच्या कडेला आडवा दाबतो आणि अंग विरुद्ध बाजूला झुकवतो. ओढीच्या जागी दाब. २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिंपिकमध्ये दिव्यांगांची चढाई पहिल्यांदाच असणार आहे. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं तारीख वहीत लिहून घेतली.

आणि ती सातवीतली मुलगी. आमच्या टेकडीवर एक दगड आहे, त्याच्या मध्यावरून वरची कड मोठ्या मुलांना सरळ हातात येते, तिला येत नाही. तीन रविवार ती उड्या मारत होती. चौथ्या रविवारी ती उड्या मारायची थांबली आणि बराच वेळ दगडाकडे नुसती पाहत बसली, उकिडवी. मग चढली, उजवा पाय थेट आपल्या हाताच्या बाजूला ठेवला, त्यावर बसली आणि उठली. कड तिच्या हातात होती. खाली उभा असलेला दहावीतला उंच मुलगा म्हणाला, “मीबी तसाच चेंगतो.” त्यानं पाय तिथे ठेवला तर टोंगळा हनुवटीला लागला आणि तो मागे आला. थोडा वेळ त्यानंही दगडाकडे पाहिलं.

“माह्यासाठी दुसरं पाह्यतो,” तो म्हणाला, आणि दगडाच्या डाव्या अंगाला गेला.